लागरच्या आईच्या गावाला

आधीच सांगून टाकते, मी बिअर पीत नाही. तत्त्व वगैरे काही नाही, मला ती कडू चवच झेपत नाही. पुण्यात ग्रुपसोबत बसलं की ‘मला फ्रेश लाइम सोडा, खारा-गोड मिक्स’ म्हणणारी मुलगी ती मीच. तर ही लिंबू-सोडावाली मुलगी गेल्या नोव्हेंबरात ब्युनोस आयर्सहून बसने बावीस तास प्रवास करून एका ब्रूपबमध्ये जाऊन बसली. घरी फोनवर सांगितलं तेव्हा आई दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, “एवढ्या लांब? पुण्यात मिळत नाही का?”

मिळते ना. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झालं तेव्हापासून मायक्रोब्रुअरी हा प्रकार आपल्याला माहीत आहे. पण मला बिअर नको होती, तिच्यातलं यीस्ट हवं होतं. मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजीची. एक सेमिस्टर एक्स्चेंजवर अर्जेंटिनाला गेले होते आणि जाताना सोबत एक फसलेला प्रोजेक्ट घेऊन गेले होते. त्याच्याबद्दल पुढे सांगते. आत्ता एवढंच, की यीस्टवाल्यांच्या जगात बारिलोचे हे नाव क्षेत्रासारखं आहे. तिथल्या जंगलात २०११ साली लागर बिअरची आई सापडली. आई हा शब्द माझा नाही, हाइनेकेन कंपनी त्या यीस्टला ‘मदर यीस्ट’च म्हणते.

वापी नावाचं तळं

गावाचं पूर्ण नाव सान कार्लोस दे बारिलोचे. अर्जेंटिनाच्या दक्षिणेला, पातागोनियात, अँडीज पर्वताच्या कुशीत. समोर पसरलेलं तळं आहे नाउएल उआपी. बसमध्ये शेजारच्या काकूंनी नाव सांगितलं तेव्हा मला सरळ ‘नावेल वापी’ ऐकू आलं आणि डोळ्यांसमोर गुजरातचं वापी स्टेशन. मापुचे या तिथल्या मूळ लोकांच्या भाषेत याचा अर्थ ‘वाघराचं बेट’. वाघर म्हणजे जॅग्वार. तळं तरी कसं? साडेपाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं, सगळ्यात खोल जागी ४६४ मीटर. पाणी इतकं थंड की पाय घालून मी पाच मोजायच्या आत बाहेर काढला. नोव्हेंबर म्हणजे तिकडचा वसंत, पण वारा आपल्या महाबळेश्वरच्या जानेवारीतल्या वाऱ्याचा थोरला भाऊ.

गाव अधिकृतपणे १९०२ चं. त्याआधी चिलीतून आलेल्या एका जर्मन माणसाने, कार्लोस विडरहोल्डने, इथे दुकान थाटलं होतं. मागून जर्मन, स्विस, इटालियन लोक येत गेले. त्यामुळे लाकूड आणि दगडाची घरं, उतरती छपरं आणि एका रस्त्यावर मोजता येणार नाहीत इतकी चॉकलेटची दुकानं. प्रत्येक दुकानाच्या दारात एक ताई तुकडा चाखायला देत उभी. मी आणि माझी अर्जेंटिनी रूममेट त्या रस्त्यावरून तीनदा गेलो. का ते सांगायला नको.

रूममेटला हे गाव आधीच माहीत होतं. म्हणजे माहीत होतं असं तिला वाटायचं. अर्जेंटिनात बारावीची बॅच संपताना अख्ख्या वर्गाने सहलीला जायची जबरदस्त प्रथा आहे आणि त्या सहलीचं ठिकाण म्हणजे वर्षानुवर्षं बारिलोचे. एकाच रंगाची जॅकेटं घातलेली, घसा बसलेली पोरं आम्हालाही जागोजागी दिसली. “मी आठवडाभर होते,” ती म्हणाली, “मला पाच डिस्को आठवतात आणि एक बर्फात पडलेली मी. तळं होतं हे मला आत्ता कळतंय.” आपल्याकडे गोव्याला जाऊन आलेल्या कितीतरी बॅचेसना मांडवी नदी कुठली ते विचारून बघा.

किलोमीटर हाच पत्ता

गावातून तळ्याच्या कडेकडेने एक रस्ता जातो, आवेनिदा बुस्तिशो. त्यावर पत्ते किलोमीटरमध्ये असतात. तुमचं घर कुठे, तर किलोमीटर आठला. हॉस्टेल कुठे, तर किलोमीटर पाचशेला नाही, पाच पॉइंट शंभरला! वीस नंबरची बस या रस्त्याने शेवटपर्यंत, शाओ शाओपर्यंत जाते. आणि या रस्त्यावर ब्रुअरीच ब्रुअरी. ब्लेस्ट १९८९ पासूनची, देशातला पहिला ब्रूपब आपणच असं ती सांगते. पुढे बर्लिना, मानुश अशी नावं. तळ्यांच्या वळणाला, किलोमीटर २४.७ ला, ‘पातागोनिया’ची देखणी जागा आहे. फोटो तिथलेच सगळ्यांच्या स्टोरीला असतात. लाकडी टेबलं, खाली मोरेनो तळं, हातात ग्लास. फक्त एक गंमत माहीत असू द्या, पातागोनिया हा ब्रँड किल्मेसचा आहे आणि किल्मेस ही जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीच्या, एबी इनबेव्हच्या, घरातली. क्राफ्ट म्हणजे छोट्या हाताने केलेलं, असं समजून लोक जातात. जागा सुंदर आहे, हे मात्र मान्य.

आम्ही दुसऱ्या एका छोट्या ठिकाणी गेलो. नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसाने त्याच्या कामाच्या वेळात माझा तासभर खाल्ला, की मी त्याचा, ते नक्की नाही, आणि मालकाला ते कळू नये. आत शिरलं की डाव्या हाताला काच आणि काचेपलीकडे माणसापेक्षा उंच स्टीलच्या टाक्या. उजवीकडे बार, वर फळा, त्यावर खडूने बिअरची नावं आणि भाव. भाव खडूने, कारण अर्जेंटिनात महागाईमुळे ते सारखे पुसावे लागतात. वास मात्र बारचा नव्हता. आजी गव्हाचा चीक करायला गहू भिजत घालते, तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जो येतो तो वास, आणि त्यात थोडी भाजलेल्या धान्याची खमंग झाक.

रूममेटने चार छोट्या ग्लासांची पाटी मागवली. लाकडाची पट्टी, तिला चार भोकं, प्रत्येकात एक ग्लास. गोल्डन, हनी, स्कॉटिश आणि आयपीए. मी प्रत्येकातून एक घोट घेतला. गोल्डन बरी होती. हनीमध्ये मध शोधावा लागला. स्कॉटिश तांबूस, करपलेल्या साखरेसारखी. आयपीएने माझा चेहरा असा झाला की शेजारच्या टेबलावरचे आजोबा हसले. मग मी बटाट्याच्या कापांवर चीज घातलेली थाळी जवळ ओढली आणि काचेपलीकडे बघत बसले. (इथे एक सूचना, लेखाच्या भानगडीत राहून जाईल म्हणून. तिकडे वयाची अट १८ आहे, आपल्याकडे महाराष्ट्रात बिअरसाठी २१. आणि तिकडे २०२३ पासून गाडी चालवणाऱ्याला एक थेंबही चालत नाही, म्हणून वीस नंबरची बस रात्री फुल्ल असते.)

टाकीपलीकडचा माणूस

मी इतका वेळ टाक्यांकडे बघतेय म्हटल्यावर आतला ब्रुअर बाहेर आला. पायात गमबूट, हातात पाण्याचा पाइप. त्याला वाटलं मला सेल्फी काढायचाय. मी तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, यीस्ट कुठलं वापरता? त्याने पाइप खाली ठेवला.

ब्रूपबमधलं काम तसं सरळ आहे. मोड आणून वाळवलेलं बार्ली, म्हणजे माल्ट, भरडून साधारण ६५ ते ६८ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवायचं. धान्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्सची फुलं घालून तासभर उकळायचं, थंड करायचं. हॉप्स त्यांना जवळच मिळतात, दक्षिणेला सव्वाशे किलोमीटरवर एल बोल्सोन नावाचं गाव आहे, अर्जेंटिनाचे हॉप्स मुख्यतः तिथले. डोंगरातल्या बर्फाचं पाणी, त्यात क्षार कमी, त्यामुळे पाण्यावर फार संस्कार करावे लागत नाहीत. “इथपर्यंत मी काम करतो,” तो म्हणाला, “पुढे ते करतात, मी भांडी घासतो.” ते म्हणजे यीस्ट. खरंच, त्या तासाभरात मी त्याला फक्त धुताना बघितलं. टाकी धू, पाइप धू, फरशी धू. ब्रुअर व्हायचं स्वप्न बघणाऱ्यांनी आधी घरची भांडी घासून बघावी.

आता थोडा अभ्यास, कंटाळू नका. बिअरची दोन मोठी घराणी. एल आणि लागर. एलचं यीस्ट म्हणजे *सॅकरोमायसीस सेरेव्हिसी*, आपल्या पावातलं तेच. त्याला ऊब लागते, १८ ते २२ अंश, आणि ते आठवड्याभरात काम उरकतं. लागरचं यीस्ट थंडीत काम करतं, दहा अंशांच्या आसपास, आणि मग बिअर कित्येक आठवडे गारठ्यात पडून राहते. लागर या जर्मन शब्दाचा अर्थच साठवण. जगात विकली जाणारी बहुतांश बिअर लागर आहे. आपल्या दुकानातली किंगफिशरसुद्धा लागरच.

हे लागरचं यीस्ट आलं कुठून हे कित्येक वर्षं कोणाला माहीत नव्हतं. बव्हेरियात पंधराव्या शतकापासून लोक थंड तळघरांत अशी बिअर करत होते. १५१६ चा तिथला प्रसिद्ध कायदा म्हणतो, बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी, बस. यीस्टचं नावच नाही, कारण ते असतं हेच ठाऊक नव्हतं. १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. आणखी शंभर वर्षांनी कळलं की ते संकरित आहे. बाप सापडला, तो आपला पाववाला *सेरेव्हिसी*. आई गायब. थंडी सोसण्याचा गुण जिच्याकडून आला ती जंगलात कुठेच सापडेना. अख्ख्या युरोपभर शोधून झालं.

आणि मग बारिलोचेतल्याच संस्थेत काम करणाऱ्या डिएगो लिबकिंडला ती सापडली. पोर्तुगालचे सांपायो आणि गोन्साल्व्हेस, अमेरिकेचा क्रिस टॉड हिटिंगर, अशा मंडळींसोबत त्याने २०११ मध्ये पेपर लिहिला. यीस्टचं नाव ठेवलं *सॅकरोमायसीस युबायानस*. लागरच्या जीनोममधला जो भाग बापाचा नव्हता तो याच्याशी ९९.५ टक्के जुळला.

“मग तुमच्या टाकीत तेच असेल ना?” मी विचारलं. ब्रुअर मोठ्याने हसला. नाही. फळ्यावरच्या त्या चारांपैकी एकातही नाही. त्या सगळ्या एल, यीस्ट पाकिटातलं, कंपनीचं, परदेशातून आलेलं. छोट्या पबला लागर परवडत नाही, टाकी दोन-दोन महिने अडून राहते. आणि युबायानसचे नखरे फार. धान्याच्या काढ्यातली माल्टोट्रायोज नावाची साखर त्याला खाता येत नाही, ती तशीच उरते. शिवाय त्याला लवंगेसारखा एक वास येतो. गावातल्या काहींनी त्याची बिअर करून बघितली आहे, यालाही एकदा करायची आहे. “पण पर्यटक येतो तो आयपीए मागतो,” तो म्हणाला. म्हणजे लागरच्या आईच्या गावात मी आले आणि घोट घेतला तो आयात केलेल्या बापाचा.

निघताना त्याने विचारलं, जंगलात गेलीस का? मी म्हटलं, उद्या. “नाकाने शोध,” तो म्हणाला.

संत्र्याएवढी नाही, लिंबाएवढी

दुसऱ्या दिवशी वीस नंबरच्या शेवटच्या थांब्याला उतरलो. समोर टेकडीवर शाओ शाओ हॉटेल. पोस्टकार्डावर बारिलोचे म्हणून जे दिसतं ते हेच. आलेहांद्रो बुस्तिशो या वास्तुविशारदाने ते १९३८ मध्ये लाकडाचं बांधलं, पुढच्याच वर्षी जळालं, १९४० मध्ये पुन्हा उभं राहिलं. आम्ही बाहेरूनच बघितलं, आतल्या कॉफीची किंमत बघून. लिहिताना ‘ल्याओ ल्याओ’ लिहितात पण अर्जेंटिनात त्या अक्षरांचा उच्चार ‘श’ होतो. आणि हे नाव कशाचं? एका बुरशीचं. एवढ्या आलिशान हॉटेलला बुरशीचं नाव, आणि तिथे राहणाऱ्या कितीजणांना ते माहीत असेल देव जाणे.

हॉटेलच्या मागे जंगलातल्या पायवाटा आहेत. कोइवे नावाची उंचच उंच झाडं, नोथोफागस कुळातली. थोडं आत गेल्यावर रूममेटने मान वर केली आणि म्हणाली, “हे काय लटकलंय?” फांदीवर गाठी आलेल्या, आणि गाठीला चिकटून पिवळे-नारिंगी गोळे. संत्र्याएवढे म्हणवत नाही, लिंबाएवढे म्हणू. वर खळगे खळगे, मधाच्या पोळ्यासारखे. *सिटारिया*. हाच शाओ शाओ. मापुचे भाषेत शाओ म्हणजे गोड, असं सांगतात. डार्विन ‘बीगल’ जहाजातून या टोकाला आला तेव्हा खाली तिएर्रा देल फुएगोचे लोक याचीच एक जात कच्ची खाताना त्याने पाहिली होती, त्या जातीला पुढे त्याचं नाव मिळालं. इथले लोकही ही खायचे. आणि आंबवून प्यायचेही.

वर लटकणाऱ्यांना आम्ही हात लावला नाही. पण वाटेत एका वळणावर खाली पडलेल्यांचा थर होता. तपकिरी, मऊ झालेले, पानांत मिसळलेले. मी गुडघ्यावर बसले आणि वाकून वास घेतला.

आणि मी थेट अर्जुनी मोरगावला पोचले.

माझं आजोळ गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव बांधपासून जवळ. तिथेही तळं आहे, आणि मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं पडतात. आजी आणि मामी अंधारात टोपल्या घेऊन जातात. फुलं अंगणात वाळत घालतात. एखाद्या रात्री ढगाळ झालं, फुलं ओलसर राहिली, की सकाळी अंगणभर जो वास असतो, गोड, आंबूस, डोक्यात जाणारा, तो हा. अगदी हा. पेपरात मी ते वाक्य वाचलं होतं की मोसम संपताना हे गोळे जमिनीवर पडतात आणि तिथे अल्कोहोलचा तीव्र वास असतो. वाचून काही वाटलं नव्हतं. रूममेटला वाटलं मला चक्कर आली.

म्हणजे बघा, लिबकिंडने केलं ते काय? गोड गोष्ट जमिनीवर पडते, कोणीतरी तिला आंबवतं, कोण ते बघू या. इतकंच. ते आंबवणं मापुचेंना आधीपासून माहीत होतं. कोण आंबवतं हे त्याने शोधलं, आणि त्यासाठी त्याला घरापासून लांब जावं लागलं नाही.

माझा फसलेला प्रोजेक्ट

आता तो सांगते. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी मला मिनी-प्रोजेक्ट करायचा होता, मोहफुलांवरचं यीस्ट. मी मामाकडून फुलं मागवली, ती एसटीच्या पार्सलमधून चार दिवसांनी, काळी पडून आली. आमच्या गाइडने विषय ऐकला आणि म्हणाले, “गावठी दारूवर प्रोजेक्ट? एक्स्टर्नलसमोर काय सांगशील?” वर्गात हशा. मीही हसले, हसायला लागतं. तरी चिकाटीने प्लेट्स टाकल्या, ३० अंशाला ठेवल्या. आठवड्याने प्लेटवर काळी बुरशी आणि बॅक्टेरियाची जत्रा. यीस्टचा पत्ता नाही. बीओडी इन्क्युबेटर, ज्यात थंड ठेवता आलं असतं, तो तेव्हा बंद होता आणि अजून बंद आहे. शेवटी मी दह्यावर प्रोजेक्ट केला. सगळेच करतात. ए ग्रेड.

बारिलोचेच्या त्या बेंचवर बसून मी फोनवर पेपर पुन्हा उघडला आणि यावेळी फक्त पद्धत वाचली. त्यांनी काय केलं होतं? नमुना पाण्यासारख्या माध्यमात टाकला, त्यात रॅफिनोज ही साखर, जी फार जणांना खाता येत नाही, आणि ८ टक्के इथेनॉल. बाकीचे तिथेच गारद. आणि १० अंशाला ठेवलं, म्हणजे थंडी सोसणारेच वर येतील. इतकी साधी युक्ती! मी मात्र सगळ्यांना एकाच वेळी जेवायला बोलावलं होतं आणि उपाशी राहिलेल्याला शोधत होते. क्लोरॅमफेनिकॉल टाकून बॅक्टेरिया तरी अडवायचे, तेही केलं नाही. चूक विषयाची नव्हती. चूक माझ्या प्लेटची होती. हे गाइडना सांगायला मी दहा हजार किलोमीटरहून जास्त लांब गेले.

रूममेटचा प्रश्न वेगळाच होता. ती कायद्याची विद्यार्थिनी. “मग हे यीस्ट आहे कोणाचं?” हाइनेकेनने अर्जेंटिनाच्या विज्ञान संस्थेशी, कोनिसेटशी, करार करून यापासून ‘एच ४१’ नावाची बिअर काढली, ४१ अंश दक्षिण अक्षांशावरून. मर्यादित काळासाठी ती विकली. राष्ट्रीय उद्यानातली बुरशी, सरकारी संस्थेचा शास्त्रज्ञ, डच कंपनी. करार केला हे चांगलंच, आधीच्या काळात तेवढंही करत नसत. “आणि ज्यांना वास आधी माहीत होता त्यांचं काय?” ती म्हणाली. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मोहाच्या बाबतीतही नाही. फुलं वेचणारी आजी, टोल्यावर ती आंबवणारी मंडळी, धाड टाकणारे एक्साइजवाले, आणि उद्या मी त्यातलं यीस्ट काढलं तर पेपरवर नाव माझं. हा विचार मला अजून सुटलेला नाही. निदान आभाराच्या यादीत अर्जुनीचं नाव येईल, इतकं ठरवलंय. ते पुरेसं नाही हे रूममेटने लगेच सांगितलं. वकील होणार ती.

अजून एक ट्विस्ट राहिला. बारिलोचेची ही आई कदाचित मावशी आहे! २०१४ मध्ये तिबेटच्या डोंगरांत युबायानस सापडलं आणि ते लागरशी जास्त जवळून जुळलं. तसंही कोलंबस अमेरिकेला १४९२ मध्ये पोचला, आणि बव्हेरियात थंड बिअर त्याच्या आधीपासून, तेव्हा पातागोनियाहून यीस्ट युरोपात गेलं कसं, हा प्रश्न होताच. पण मग युरोपात ते का नाही सापडत?

सापडलं. आणि हे मला सगळ्यात जास्त आवडतं. २०२२ च्या शेवटी पेपर आला, युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनचा. युरोपातलं पहिलं जंगली युबायानस तिथल्या कॅम्पसमधल्या मातीत निघालं. शोधलं पदवीच्या विद्यार्थ्यांनी, त्यांच्या प्रोजेक्टसाठी माती गोळा करताना. आल्प्स नाही, हिमालय नाही. वर्गाबाहेरची माती. त्या पोरांनाही कोणीतरी म्हणालं असेल का, कॅम्पसची माती? एक्स्टर्नलसमोर काय सांगशील?

मी डिसेंबरात परत आले. येताना त्या पबची रिकामी बाटली आणली आहे, आईने त्यात मनीप्लांट लावला. गाइडना भेटले, रॅफिनोजची किंमत सांगितली. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “बघू.” आमच्या कॉलेजात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ नसतं, ‘तूच पैसे जमव’ असतं. बाजूच्या कॉलेजात एका मैत्रिणीच्या लॅबचा बीओडी चालू आहे, तिच्याशी बोलणं झालंय. युबायानस मला तिथे मिळणार नाही, गोंदियाचा उन्हाळा त्याला सोसायचा नाही. पण मोहाला आंबवणारं जे कोणी असेल त्याला एकदा नावागावासकट भेटायचंय.

यावेळी एसटी पार्सल नाही. मार्चमध्ये मी स्वतः जाणार आहे, निर्जंतुक नळ्या आणि बर्फाचा डबा घेऊन. परवा आजीला फोन करून सांगितलं, पहिल्याच पहाटेची फुलं लागतील. तिने विचारलं, किती पायजे, टोपलंभर का पोतंभर?

मी म्हटलं, दहा ग्रॅम.

“दहा गिराम?” आजी म्हणाली. “अवं पोरी, तेवढ्यात त मुंगीबी झिंगनार नाई.”